गोव्यात रोज रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडचड्याहून वास्कोला मी बारा वर्षं नोकरीसाठी रेल्वेनं ये-जा केली. त्यामुळे ओळखीतल्या कुणालाही गाडीबद्दल काही विचारायचं असलं की मेसेज माझ्याकडे येतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या वर्षातून दोनदा बदलतात (प्रश्न १३ पाहा). वेळ बघायची तर रेल्वेचं एनटीईएस अ‍ॅप किंवा १३९ नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं टाइमटेबल बघून घरातून निघू नका.

१. गोव्यात मुंबईसारखी लोकल आहे का?

नाही. 'एक गेली तर दुसरी येईल' हा हिशोब इथे चालत नाही. इथे एक गेली की सरकारी कदंब बसचा स्टॉप गाठायचा. गोव्यात रोजच्या प्रवासासाठी दिवसाला मोजक्या पॅसेंजर आणि डेमू (डिझेलवर धावणाऱ्या, लोकलसारख्या) गाड्या आहेत आणि बाकी सगळ्या लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस, ज्या गोव्यात चार-दोन ठिकाणी टेकतात आणि पुढे जातात.

याचं कारण मुळातच आहे. इथले दोन्ही मार्ग गोव्यातल्या माणसानं गोव्यातच फिरावं म्हणून बांधलेले नाहीत. एक बांधला मुरगाव बंदरातला माल घाटावर न्यायला, दुसरा मुंबई आणि मंगळूर जोडायला. आपली गाडी त्यांच्या मधल्या फटीतून धावते. हे एकदा लक्षात घेतलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात.

२. गोव्यात दोन वेगवेगळ्या रेल्वे आहेत म्हणतात. प्रवाशाला त्यानं काय फरक पडतो?

बराच पडतो. पूर्व-पश्चिम मार्ग जुना: वास्को, मडगाव, कुळे, मग घाट चढून कॅसलरॉक आणि लोंढा. पोर्तुगीज काळात एका ब्रिटिश कंपनीनं तो बांधला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू झाला. तेव्हा तो मीटरगेज होता, ब्रॉडगेज झाला १९९० च्या दशकात. आज तो दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहे.

उत्तर-दक्षिण मार्ग कोकण रेल्वेचा: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डे, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, लोलये. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० मध्ये स्थापन झालं आणि संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ पासून. स्थापनेच्या वेळी महामंडळात गोवा सरकारचा वाटा होता ६ टक्के, महाराष्ट्राचा २२.

दोन्ही मार्ग माजोर्ड्याला भेटतात आणि मडगावपर्यंत सोबत जातात. फरक असा, की एका मार्गावर दरड पडली तर दुसऱ्याची गाडी वेळेवर असू शकते. तक्रार कुणाकडे करायची, भाडं कसं धरतात (प्रश्न ११), पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं की नाही, हेही मार्गावर ठरतं. फलाटावर चौकशी करताना 'वास्कोची गाडी किती लेट?' असं विचारा, नुसतं 'गाडी किती लेट?' नको. मडगावला तर नकोच.

३. तिकीट काढताना 'गोवा' किंवा 'पणजी' स्टेशन सापडत नाही. काय टाकायचं?

सापडणार नाही, कारण या नावाची स्टेशनं नाहीत. राजधानीला रेल्वे नसलेलं राज्य म्हणून पाहुण्यांना फार नवल वाटतं. पणजीला जायचं तर करमळी, म्हापसा आणि उत्तरेकडच्या किनाऱ्याला थिवी, दक्षिणेकडे मडगाव किंवा काणकोण. शहराचं नाव इंग्रजीत कसंही लिहिलं जात असलं तरी रेल्वेच्या यादीत 'मडगाव' (Madgaon) असंच शोधा.

फोंडा, साखळी, वाळपईला रेल्वे नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याला देवदर्शनासाठी येणारे नातेवाईक नेहमी मडगावचं तिकीट काढून मोकळे होतात. मंगेशीला करमळी जवळ पडतं. मात्र करमळी स्टेशनाबाहेर तुम्हाला मडगावसारखी रिक्षांची रांग दिसणार नाही, आधी फोन करून ठेवा. एकटे असाल आणि पिशवी लहान असेल तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला पिलोट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, उत्तम. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, त्या दिवशी करमळीला उतरण्याआधी दोनदा विचार करा.

उत्तर गोव्यातले लोक विचारतात, कोकण रेल्वेचा मार्ग आतल्या तालुक्यांतून का नेला नाही? तो वाद नव्वदच्या दशकात पेटला होता. किनाऱ्याजवळची वस्ती आणि खाजण (खाऱ्या पाण्यालगतची, बांध घातलेली) शेती वाचवून मार्ग आतून न्यावा अशी मोठी मागणी होती. काम थांबलं, न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला आणि शेवटी मार्ग जवळजवळ ठरलेल्या आखणीनंच गेला.

४. विमानतळावर रेल्वेनं जाता येतं का?

दाबोळीला दाबोळी नावाचंच स्टेशन आहे, विमानतळापासून जवळ. पण तिथे थांबते ती स्थानिक गाडी. विमान पकडायला दिवसाच्या मोजक्या फेऱ्यांवर विसंबू नका, परत घरी यायला मात्र चालेल. मोप्याच्या मनोहर विमानतळाला (जानेवारी २०२३ पासून सुरू) सगळ्यात जवळचं स्टेशन पेडणे, आणि तिथून पुढे रस्त्यानंच.

५. वास्को–कुळे गाडी कुठे कुठे थांबते? ती खरंच उपयोगाची आहे का?

कुळ्याहून निघाली की काले, सावर्डे-कुडचडे, चांदर, मडगाव, सुरावली, माजोर्डे, कासावली, सांकवाळ, दाबोळी, वास्को. ही गाडी गोव्याची खरी लोकल. बसनं कुडचड्याहून वास्को म्हणजे मडगावला उतरा, बस बदला, कुठ्ठाळीच्या गर्दीत अडका. गाडीत एकदा बसलात की बसलात.

माझ्या डब्यात सकाळी ठरलेली माणसं असायची. गोदीतले दोघं, कॉलेजची मुलं, बँकेतली एक बाई जी चांदरला चढून मडगावपर्यंत भाजी निवडायची. संध्याकाळी परतताना वास्कोच्या मासळीवाल्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून दाराजवळ बसायच्या. कुणी नाक मुरडलं तर 'दुपारी हुमण (माशांची आमटी) जेवलास ना?' एवढंच विचारायच्या.

तेव्हा उपयोग आहे, पण तुमच्या कामाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळली तरच. शिफ्ट बदलणारी नोकरी असेल तर दुचाकी विकू नका.

एक सापळा: तिकीट काढताना सावर्डे नीट बघा. चिपळूणजवळ कोकण रेल्वेवरही सावर्डा स्टेशन आहे. आमचं नाव यादीत 'सावर्डे-कुडचडे' असं जोडून येतं. माझ्या मावसभावानं मुंबईहून येताना चिपळूणजवळच्या सावर्ड्याचं तिकीट काढलं होतं. रात्री अडीच वाजता फोनवर मला विचारत होता, 'तुमचं घर स्टेशनापासून किती लांब?'

६. सावंतवाडी, पेडणे किंवा थिवीहून रोज नोकरीला वेर्णा-मडगावला येता येईल का?

अनेक जण येतात. सिंधुदुर्गातली बरीच मुलं गोव्यात कामाला आहेत. त्यांच्यासाठी सावंतवाडी–मडगाव पॅसेंजर आहे, शिवाय पेडण्यापर्यंत येणारी कारवारची डेमू. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, शहरात नाही, तेव्हा घर ते स्टेशन हा खर्च हिशोबात धरा. बांद्याकडच्यांना मडुरे सोयीचं.

वेर्ण्यात उतरून औद्योगिक वसाहतीत जायचं तर खरी अडचण शेवटच्या टप्प्याची. स्टेशन एकीकडे, कारखाने पठारावर. चार-पाच जण मिळून रिक्षा ठरवली तरच परवडतं. कंपनीची बस असेल तर ती घ्या. मी रेल्वेचा माणूस असूनही हेच सांगेन.

७. साधं तिकीट कुठे काढायचं आणि किती? कधी १० रुपये सांगतात, कधी ३०.

दोन्ही बरोबर, गाडी वेगळी असते. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून एक्स्प्रेसच्या भाड्यानं धावत होत्या, किमान ३० रुपये. फेब्रुवारी २०२४ पासून पॅसेंजरचं साधं भाडं परत आलं, किमान १० रुपये. एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचं किमान भाडं मात्र ३०च.

गाडी कुठली हे नंबरवरून ओळखा. ५ नं सुरू होणारा नंबर साधी पॅसेंजर, ६ मेमू (डेमूसारखीच, पण विजेवरची), ७ डेमू. या तिन्हींना साधं भाडं. १ आणि २ नं सुरू होणाऱ्या लांब पल्ल्याच्या. ० म्हणजे स्पेशल, तिथे खिडकीवर विचारूनच घ्या.

तिकीट खिडकीवर किंवा मोबाइलवर, रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपनं. घरून काढता येतं. स्टेशनात पोचून काढायचं तर तिथला क्यूआर स्कॅन करावा लागतो. छोट्या हॉल्टवर कमिशनवर तिकीट देणारा एजंट असतो, त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालू नका. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर निघायचं असतं. म्हणजे सकाळी काढलेलं तिकीट संध्याकाळी चालेल असं समजू नका. विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक किमान २५० रुपये.

८. मासिक पास मिळतो का? तो परवडतो का?

मिळतो, आणि गोव्यात अर्ध्या लोकांना तो मिळतो हेच माहीत नाही. कुठल्याही दोन स्टेशनांमध्ये १५० किलोमीटरपर्यंत मासिक किंवा त्रैमासिक पास निघतो. सेकंड क्लासचा मासिक पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात. म्हणजे महिन्याला आठ दिवस ये-जा केली की पैसे वसूल, उरलेले दिवस फुकट. एवढा स्वस्त प्रवास गोव्यात दुसऱ्या कशातच नाही.

पास आणि ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा, पास दुसऱ्याला देऊ नका.

९. पास किंवा साधं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढलं तर चालतं का?

सगळ्यात जास्त दंड इथेच बसतो, म्हणून सविस्तर.

वंदे भारत (२२२२९/२२२३०), तेजस (२२११९/२२१२०) आणि जनशताब्दी (१२०५१/१२०५२) पूर्ण आरक्षित. पास किंवा जनरल तिकीट घेऊन चढायचं नाही, उभं राहूनसुद्धा नाही. 'थिवी ते मडगाव, तासाभराचा प्रश्न' हे टीसीला पटत नाही.

बाकीच्या एक्स्प्रेसमध्ये फक्त जनरल डबा. स्लीपरमध्ये पाय ठेवायचा नाही, रिकामा दिसला तरी. गाडी सुपरफास्ट असेल तर जनरल डब्यालाही सुपरफास्टचा अधिभार वेगळा. सुपरफास्ट ओळखायची खूण: नंबर १२, २० किंवा २२ नं सुरू होतो. मांडवी (१०१०३/१०१०४) साधी एक्स्प्रेस. कोकणकन्या मात्र आता सुपरफास्ट आहे, २०१११/२०११२. जुन्या सवयीनं चढणारे हमखास अडकतात.

मीही अडकलोय. एकदा माझी पॅसेंजर चुकली, समोर एक सुपरफास्ट उभी होती, पास खिशात होता, चढलो. दोन स्टेशनांच्या प्रवासासाठी महिन्याच्या पासाएवढा दंड भरला. टीसीनं पावती फाडताना शांतपणे विचारलं, 'रोजचे दिसता, तरी माहीत नाही?' पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

१०. थिवीहून वास्कोला थेट जाता येतं का?

कोकण रेल्वेवरची गाडी माजोर्ड्याहून मडगावकडे वळते, वास्कोकडे नाही. त्यामुळे गाडी बदलावी लागते. माजोर्ड्याला बदलणं अंतरानं सोयीचं, पण बऱ्याच एक्स्प्रेस तिथे थांबत नाहीत. मडगावला बदलायचं तर आलात तोच रस्ता थोडा परत जाता, म्हणून मडगावपर्यंत एक आणि तिथून वास्कोपर्यंत दुसरं असं तिकीट काढणं बिनधोक. खरं सांगायचं तर सामान नसेल तर थिवी–वास्कोसाठी पणजीमार्गे बस बरी.

११. तेवढ्याच अंतराला कोकण रेल्वेवर भाडं जास्त का?

कारण कोकण रेल्वेवर भाड्यासाठी प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरतात. बोगदे, पूल, कर्ज यांचा खर्च भरून काढायला ही सोय सुरुवातीपासून ठेवली. मशिनची चूक नाही, खिडकीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही.

१२. गाडी वेर्ण्याला किंवा करमळीला उगाच वीस मिनिटं का उभी राहते?

उगाच नाही, क्रॉसिंग असतं. कोकण रेल्वेचा मार्ग जवळजवळ सगळा एकेरी आहे. रोहा–वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा तेवढा दुहेरी झालाय, तोही रायगडात. समोरून गाडी येत असेल तर एकीनं स्टेशनात बाजूला थांबायचं. आणि थांबतं कोण? पॅसेंजर. राजधानी, वंदे भारत, दुरांतो सगळ्या आधी जाणार. मुंबईची एखादी एक्स्प्रेस उशिरा असली की तिच्यासाठी आपली गाडीही उशिरा. रोजच्या प्रवाशाच्या चिडण्याचं मूळ हेच आहे आणि माझ्या मते ते रास्त आहे. ठरलेल्या वेळेला धावणाऱ्याला शिक्षा, लेट येणाऱ्याला वाट मोकळी.

करमळीला थांबलात तर डाव्या-उजव्या खिडकीतून तळं शोधा. हिवाळ्यात तिथे पाखरांचे थवे उतरतात. वीस मिनिटं बरी जातात.

१३. पावसाळ्यात वेळापत्रक का बदलतं? कधीपासून?

कोकण रेल्वेवर जूनच्या मध्याच्या आसपास पावसाळी वेळापत्रक लागतं आणि ऑक्टोबरमध्ये उतरतं. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आटोपतं घेतलं. या काळात वेग कमी ठेवतात, कारण डोंगर कापून केलेल्या मार्गावर दरड किंवा झाड कधी येईल सांगता येत नाही. गँगमन रात्रंदिवस रुळावरून गस्त घालतात. थिवी–करमळीमधला मांडवीचा पूल आणि करमळी–वेर्णामधला जुवारीचा पूल यांवर वारा मोजायचं यंत्र आहे. वारा फार झाला की गाडी अलीकडेच थांबवतात.

चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जाताना लक्षात ठेवा की चवथ नेहमी याच वेळापत्रकात येते. मे महिन्यात पाठ केलेल्या वेळा विसरा.

१४. पेडण्याच्या बोगद्याचं काय झालं होतं? अजून भीती आहे का?

मडुरे आणि पेडणे यांच्यामधला हा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा. कोकणात बोगदा म्हणजे काळा कातळ असं आपल्याला वाटतं, पण इथली माती भुसभुशीत, पाणी धरणारी. बांधतानाच तिनं रडवलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये आतल्या भिंतीचा भाग ढासळला, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल रुळांवर आला. दोन्ही वेळा मुंबईच्या गाड्या पुणे–मिरज–लोंढामार्गे वळवल्या, म्हणजे पेडणे-थिवीकरांची गाडी थेट गायबच.

वळवलेली गाडीही निर्धोक असतेच असं नाही. २३ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरामुळे मंगळूर–मुंबई गाडी घाटातून वळवली आणि दूधसागर–सोनावळीच्या दरम्यान दरडीमुळे तिचे डबे घसरले. अशा दिवशी १३९ वर विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

१५. घाटात जाणारी गाडी कुळ्याला इतका वेळ का थांबते?

मागे इंजिनं लावायला. कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एका इंजिनाच्या बळावर गाडी चढत नाही, मागून बँकर इंजिनं ढकलतात. पोर्तुगीज काळात इथेच कस्टमची तपासणी व्हायची, तेव्हा थांबायची सवय जुनीच आहे. फलाटावर उतरायचं असेल तर उतरा, पण हॉर्न दोनदा वाजला की डब्यात.

१६. दूधसागर स्टेशनला उतरून धबधबा बघता येतो का? कुळ्याहून रूळावरून चालत गेलो तर?

रूळावरून चालत जाऊ नका. दर जुलैत हा प्रश्न येतो आणि दर जुलैत माझं उत्तर तेच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये आरपीएफनं (रेल्वे सुरक्षा दलानं) ट्रेकरना तिथेच उठाबशा काढायला लावल्या, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. खरं भय वेगळंच आहे. वळणं, बोगदे, पावसाचा आवाज, त्यात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही आणि बाजूला व्हायला जागा नसते.

धबधबा बघायचा तर पावसाळा ओसरल्यावर कुळ्याहून जीपनं जा. नाहीतर लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत बसा. गाडी पुलावरून जाते तेव्हा दूध खिडकीवर उडतं.

१७. वास्को मार्गावर दुसरा रूळ टाकतायत म्हणे. आपल्याला जास्त गाड्या मिळतील?

माझं मत: त्या भरवशावर राहू नका. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, की दुपदरीकरण मुरगाव बंदरातला कोळसा वाहून नेण्यासाठी आहे. सरकार म्हणतं क्षमता वाढेल. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले होते, ती रात्र आमच्या गाडीतल्या बऱ्याच जणांनी तिथे काढली. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक–कुळे टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयानं ९ मे २०२२ रोजी रद्द केली.

रूळ दोन झाले तरी पॅसेंजर वाढवायची की मालगाडी, हे वेगळं ठरवावं लागतं. जास्त स्थानिक फेऱ्यांची मागणी त्या वादात कुणाच्याच तोंडी फारशी आली नाही.

१८. मुंबईहून येताना कार रेल्वेवर चढवून आणता येते का?

ट्रकांसाठी रो-रो सेवा कोकण रेल्वेवर कित्येक वर्षं आहे. कारसाठी ती ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोलाड ते वेर्णा अशी सुरू केली. कोलाडपर्यंत गाडी तुम्हालाच चालवत न्यावी लागते, म्हणून सुरुवातीला मागणी थंड होती. सेवा चालू आहे का ते बुकिंगआधी विचारा.

१९. गोव्यात मेट्रो कधी येणार?

एकदा आली होती, असं म्हणायला हरकत नाही. मडगाव स्टेशनाजवळ कोकण रेल्वेनं स्काय बसचा दीडेक किलोमीटरचा चाचणी मार्ग उभारला होता, वर रूळ आणि खाली लटकणारा डबा. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीदरम्यान डबा खांबावर आदळला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि प्रकल्प तिथेच थांबला. २०१३ मध्ये सगळं काढून टाकलं. मधली नऊ वर्षं आम्ही कुळ्याच्या गाडीची वाट बघत त्या रिकाम्या खांबांकडे बघायचो. नवीन माणूस असला की विचारायचा, 'हे काय बांधतायत?'